जेऊरची नळी आणि तळणीचे भिंग

आमच्या पुतण्यास अलीकडे छायाचित्रणाचा नाद लागला आहे. रविवारी पहाटे उठून तो मांजरा धरणाच्या जलाशयावर जातो, तेथे उतरणारे पाणपक्षी टिपतो आणि दुपारी लातुरास परत येतो. गेल्या महिन्यात तो दोन झूम-भिंगांची माहितीपत्रके घेऊन आमच्यापुढे बसला. एकाचा पल्ला ३०० मिलिमीटरपर्यंत, दुसऱ्याचा ६०० पर्यंत. किमतीत मात्र दुपटीहून अधिक तफावत. "काका, दूरचं पाहायचं तर मोठंच घ्यावं ना?" असा त्याचा प्रश्न होता. प्रश्नाच्या रचनेतच उत्तर गृहीत धरलेले होते आणि त्याचे आम्हांस नवल वाटले नाही. कारण त्याच्या वयाचे असताना आम्हीही तेच उत्तर गृहीत धरले होते व त्याची किंमत मोजली होती.

ती हकीकत थोडक्यात अशी. १९९५ सालच्या २४ ऑक्टोबरला, ऐन दिवाळीत, उत्तर भारतात खग्रास सूर्यग्रहण झाले. आम्ही तेव्हा नुकतेच महाविद्यालयात रुजू झालो होतो. चौघे मित्र मिळून राजस्थानात नीम का थाना येथे गेलो. आमच्याजवळ एका परिचिताकडून मोठ्या मिनतवारीने आणलेले ५०० मिलिमीटरचे भिंग होते. बरोबरच्या एका मित्राजवळ १३५ मिलिमीटरचे साधे भिंग होते, आणि त्याची आम्ही वाटभर थट्टा केली. खग्रास अवस्था मिनिटभरसुद्धा टिकली नाही. परत आल्यावर फिल्म धुवून घेतली तेव्हा आमच्या प्रत्येक चित्रात सूर्याच्या जागी एक हललेला, पुसट डाग होता. मित्राच्या चित्रात सूर्यबिंब हरभऱ्याच्या डाळीहूनही लहान होते. परंतु त्याभोवतीचे मोतिया तेज स्वच्छ उमटले होते. आमचे भिंग वाईट नव्हते. आम्हांला काय पाहावयाचे आहे हे आम्ही भिंग मागून आणण्यापूर्वी ठरविलेच नव्हते, एवढाच दोष.

आमचा व्यवसाय इतिहास शिकविण्याचा. त्यामुळे पुतण्यास उत्तर देताना दुकानांतील किमतींपेक्षा एक जुना प्रसंग आम्हांस आधी आठवला. तो प्रसंग आमच्याच प्रदेशाच्या अंगणातून गेलेला आहे; तथापि त्याची आठवण आपल्याकडे फारशी कोणी काढीत नाही. म्हणून तो येथे सविस्तर सांगतो.

शके १८१९ ची पौष अमावास्या, म्हणजे २२ जानेवारी १८९८. त्या दिवशी दुपारी चंद्राची गडद छाया अरबी समुद्रावरून कोकणच्या किनाऱ्यास लागली आणि ईशान्येकडे धावत उत्तर हिंदुस्थानात निघून गेली. या छायेच्या वाटेवर ठिकठिकाणी देशोदेशींच्या ज्योतिर्विदांनी तळ ठोकले होते. किनाऱ्यावर विजयदुर्ग येथे सर नॉर्मन लॉकियर होते. सोलापूर जिल्ह्यात करमाळ्याजवळील जेऊर येथे तर एक लहानशी आंतरराष्ट्रीय वसाहतच उभी राहिली होती. पुढे वऱ्हाडात तळणी, वर्धेजवळ पुलगाव, मध्य हिंदुस्थानात शहडोल आणि गंगाकाठी बक्सर, अशी ही मालिका होती.

येथे एका प्रचलित समजुतीची दुरुस्ती केली पाहिजे. लॉकियर यांनी विजयदुर्गावरून १८६८ साली हेलियमचा शोध लावला असे आपल्याकडे पुष्कळदा सांगितले जाते. १८६८ च्या ऑगस्टातील ग्रहण हिंदुस्थानात दिसले हे खरे, व फ्रेंच ज्योतिर्विद जान्सेन ते पाहण्यासाठी गुंटूर येथे आले होते हेही खरे. परंतु लॉकियर त्या वेळी इंग्लंडातच होते. सूर्यावरील ज्वाळांचा वर्णपट ग्रहणावाचूनही पाहता येतो, हे त्यांनी त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात तेथूनच सिद्ध केले. विजयदुर्गाशी त्यांचा संबंध आला तो १८९८ साली. किल्ल्याचे महत्त्व त्याने उणे होत नाही, केवळ सन बदलतो.

नकाशावर जेऊर व तळणी यांना जोडणारी रेषा ओढली तर ती बीड आणि परभणी यांच्यामधून मराठवाडा ओलांडून जाते. लातूर व नांदेड त्या रेषेच्या दक्षिणेस राहतात. जेऊर लातुरापासून सरळ रेषेत सुमारे १५० किलोमीटर. परंतु लातुरास त्या दिवशी सूर्य पूर्ण झाकला गेला नाही. आणखी एक गोष्ट नकाशा सांगतो. जेऊर, तळणी, पुलगाव ही सारी आगगाडीची ठिकाणे. विजयदुर्गास गलबताने जाता येत असे. टनावारी सामान घेऊन येणाऱ्या शास्त्रज्ञास रूळ किंवा बंदर यांवाचून गत्यंतर नव्हते. आमचे लातूर तेव्हा निजामाच्या राज्यात होते. बार्शी रोड, म्हणजे आजची कुर्डुवाडी, येथून बार्शीपर्यंत अडीच फुटी रुळांची छोटी गाडी १८९७ साली सुरू झाली होती खरी. पण ती लातुरास पोहोचावयास १९११ साल उजाडले. तेव्हा शास्त्राची दृष्टी कोठे वळावी हे पुष्कळ वेळा आकाशापेक्षा जमिनीवरील रस्तेच ठरवितात, ही गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे.

आता जेऊरकडे वळू. तेथे आपल्याकडील मंडळींचे प्रमुख होते पुण्याच्या विज्ञान महाविद्यालयाचे प्राध्यापक कावसजी दादाभाई नायगमवाला. भावनगरचे महाराज तख्तसिंहजी यांच्या देणगीतून पुण्यास जी वेधशाळा निघाली तिचे हे संचालक. त्यांच्याजवळील २० इंची परावर्ती दुर्बीण त्या काळी हिंदुस्थानातील सर्वांत मोठी होती. १९१२ साली ती वेधशाळा बंद झाली व तिची दुर्बीण कोडाईकनालला गेली. जेऊरच्या वेधांचा सविस्तर अहवाल नायगमवालांनी पुढे १९०२ साली प्रसिद्ध केला. त्यांच्या शेजारी जपानी ज्योतिर्विदांचा तळ होता, आणि जवळच कॅलिफोर्नियातील लिक वेधशाळेचे विल्यम वॉलेस कॅम्बेल आपल्या पत्नीसह येऊन राहिले होते. मुंबई-पुण्याकडे प्लेगची दहशत ताजी असता ही मंडळी सातासमुद्रांपलीकडून या माळावर आली ती अवघ्या दोन मिनिटांच्या काळोखासाठी, हे विसरून चालणार नाही.

कॅम्बेल यांच्या सामानात सर्वांच्या नजरेत भरणारी वस्तू म्हणजे एक चाळीस फुटी कॅमेरा. त्याच्या भिंगाचा व्यास ५ इंच, आणि भिंगापासून जेथे दूरच्या वस्तूची प्रतिमा स्पष्ट पडते तेथवरचे अंतर, ज्यास आपण नाभ्यंतर म्हणतो, ते तब्बल ४० फूट. ही रचना त्याच वेधशाळेतील शेबर्ली यांची. १८९३ सालच्या ग्रहणात चिली देशात तिचा प्रथम उपयोग झाला होता. एवढे अवजड धूड सूर्यामागे फिरविणे शक्य नसते. म्हणून शेबर्ली यांनी भिंग व नळी जागच्या जागी खिळवून ठेविली, आणि तळाशी असलेली काचेची प्लेटच घड्याळी यंत्राने प्रतिमेच्या गतीने सरकेल अशी योजना केली. छायाचित्रकार जणू नळीच्या तळाशी असलेल्या अंधाऱ्या खोलीत उभा राहून काम करी.

एवढी लांबी कशासाठी? याचे उत्तर अंकगणितात आहे. आकाशात सूर्य सुमारे अर्ध्या अंशाएवढा दिसतो. कोणत्याही भिंगाने पडणारी त्याची प्रतिमा त्या भिंगाच्या नाभ्यंतराच्या साधारण एकशेआठाव्या भागाएवढी असते. ४० फुटांचे ४८० इंच होतात. म्हणून प्लेटवर सूर्यबिंब सुमारे साडेचार इंच व्यासाचे पडते. बशीएवढ्या त्या बिंबाच्या कडेवर उसळणाऱ्या ज्वाळा, त्यांभोवती कमानीसारखे वाकलेले तेजाचे पदर आणि सूर्यालगतच्या प्रभामंडलातील बारीकसारीक रेषा हे सारे मोजता येण्याजोगे होते. त्या दिवशी आकाश निरभ्र राहिले आणि कॅम्बेल यांचे श्रम फळास आले.

परंतु निसर्ग कोणतीही वस्तू फुकट देत नाही. तेच तेज मोठ्या प्रतिमेवर पसरले म्हणजे प्रत्येक ठिकाणी पातळ होते. एकच वाटी तूप एका भाकरीऐवजी पंचवीस भाकऱ्यांवर माखावे तसे. नाभ्यंतरास भिंगाच्या व्यासाने भागले की हा पातळपणा कळतो. चाळीस फुटी कॅमेऱ्याच्या बाबतीत ४८० भागिले ५, म्हणजे ९६. आजच्या छायाचित्रकाराच्या भाषेत सांगावयाचे तर ते एफ-९६ चे भिंग होते. सूर्यालगतचे प्रभामंडल तेजस्वी असल्याने तेवढ्यावर भागे. पण हे तेज सूर्यापासून दूर जावे तसे झपाट्याने मंदावत जाते. बिंबालगतचा भाग नीट यावा इतका वेळ प्लेट उघडी ठेवावी तर बाहेरचा येत नाही, आणि बाहेरचा यावा इतका वेळ ठेवावी तर आतला जळून पांढरा होतो. जेऊरला आलेले ओकलंड येथील चॅबट वेधशाळेचे चार्ल्स बर्कहॉल्टर याच अडचणीशी झगडत होते. प्लेटसमोर फिरणारा एक पडदा बसवून आतील भागास थोडा व बाहेरील भागास अधिक प्रकाश मिळावा अशी त्यांची युक्ती होती. १८९६ साली जपानात ढगांनी त्यांचा प्रयत्न हाणून पाडला होता. तोच त्यांनी जेऊरला पुन्हा केला.

आता त्याच रेषेने वऱ्हाडात तळणीस चला. तेथे ब्रिटिश ॲस्ट्रॉनॉमिकल असोसिएशन या संस्थेची मंडळी उतरली होती. सरकारी वेधशाळांचा थाट या संस्थेपाशी नव्हता. हौशी निरीक्षकांसाठी १८९० साली निघालेली ही संस्था, आणि स्त्रियांस तिचे दार पहिल्यापासून खुले होते. या तुकडीत एडवर्ड वॉल्टर माउंडर व त्यांच्या पत्नी ॲनी माउंडर होत्या. ॲनीबाईंचा जन्म १८६८ साली आयर्लंडात झाला. केंब्रिजच्या गर्टन महाविद्यालयात गणित शिकून १८९१ साली त्या ग्रीनिच वेधशाळेत गणनेच्या कामावर लागल्या. १८९५ साली विवाह झाला, आणि विवाहित स्त्रीस सरकारी नोकरीत ठेवावयाचे नाही या नियमामुळे त्यांना ती जागा सोडावी लागली. रॉयल ॲस्ट्रॉनॉमिकल सोसायटीने १८९२ साली त्यांचे नाव नाकारले होते. सभासदत्व मिळावयास १९१६ साल यावे लागले. तळणीच्या माळावर त्या उभ्या होत्या तेव्हा त्यांच्या पाठीशी पगार नव्हता, पद नव्हते. होती ती गर्टनने दिलेली संशोधनवृत्ती आणि तिच्यातून घेतलेला एक लहानसा कॅमेरा.

हा कॅमेरा किती लहान? भिंगाचा व्यास दीड इंच, नाभ्यंतर ९ इंच. जेऊरच्या नळीशेजारी ठेविला असता तर तो खेळणे वाटला असता. त्याच्या प्लेटवर सूर्यबिंब इंचाच्या बाराव्या भागाएवढे, म्हणजे जेमतेम दोन मिलिमीटर, पडे. ज्वाळांचा तपशील त्यात दिसणे अशक्यच. परंतु ॲनीबाईंना ज्वाळा नकोच होत्या. आकाशगंगेसारखे फार पसरट आणि फार मंद तेज टिपावे याच हेतूने त्यांनी हे भिंग निवडले होते. सूर्याच्या प्रभामंडलाचा बाहेरचा भागही तसाच पसरट व तसाच मंद.

त्यांच्या प्लेटवर जे उमटले त्याने साऱ्यांसच चकित केले. सूर्यापासून निघून त्याच्या व्यासाच्या कित्येक पट अंतरापर्यंत गेलेला तेजाचा एक सरळ, निमुळता झोत तीत दिसत होता. तोपर्यंत छायाचित्रावर उमटलेला प्रभामंडलाचा हा सर्वांत लांब झोत होय. त्या तुकडीचा वृत्तांत माउंडर यांनी संपादून १८९९ साली पुस्तकरूपाने प्रसिद्ध केला.

हे केवळ सुदैव होते काय? तशी शंका कोणी घेईल म्हणून पुन्हा अंकगणिताकडे जाऊ. ९ भागिले दीड म्हणजे ६. जेऊरची संख्या ९६, तळणीची ६, गुणोत्तर १६. पसरट वस्तूचे प्लेटवरील तेज या गुणोत्तराच्या वर्गाने बदलते, आणि १६ चा वर्ग २५६. म्हणजे प्रभामंडलाच्या एखाद्या मंद भागाचा जो ठसा तळणीच्या भिंगाने एका सेकंदात उमटे, तो सारख्याच प्लेटवर उमटविण्यास जेऊरच्या नळीला २५६ सेकंद, म्हणजे सव्वाचार मिनिटे लागली असती. आणि जेऊरला खग्रास अवस्था टिकली ती सुमारे दोन मिनिटे! कॅम्बेल यांनी कितीही कौशल्य खर्चिले असते तरी तो झोत त्यांच्या हाती लागण्यासारखा नव्हता. उलट ॲनीबाईंनी कितीही काळजी घेतली असती तरी सूर्याच्या कडेवरील ज्वाळांचे पदर त्यांना मिळाले नसते. एकाने जवळून पाहिले, दुसरीने लांबवर पाहिले. आणि लांबवर पाहिले ते आखूड भिंगाने.

आमच्या मते या प्रसंगाचे मर्म येथेच आहे. 'दूरचे पाहणे' हे शब्द आपण एकच गोष्ट असल्यासारखे वापरतो. वस्तुतः त्यांत निदान चार निरनिराळ्या मागण्या दडलेल्या असतात. दूरची वस्तू मोठी दिसावी ही एक. मंद असली तरी दिसावी ही दुसरी. तिच्या आजूबाजूचा प्रदेशही नजरेत राहावा ही तिसरी. आणि हे सारे होईतो प्रतिमा हलू नये ही चौथी. यांपैकी पहिली मागणी पुरविण्यासाठी नाभ्यंतर वाढविले की दुसरी, तिसरी आणि चौथी यांस थोडीथोडी कात्री लागते. नीम का थान्यास आम्ही पहिली मागणी पुरविण्यात गुंतलो आणि चौथीने आमचा घात केला; कारण लांब भिंगाने प्रतिमा जितकी वाढते तितकाच तिवईचा कंपही वाढतो.

यावर वाचक म्हणतील, की हे जुने झाले; आता चाळीस फुटी नळ्या कोण वापरतो? ते खरे आहे. बहिर्गोल भिंगामागे योग्य अंतरावर अंतर्गोल भिंग बसविले तर लहान नळीतही लांब नाभ्यंतराचे काम साधते. या तत्त्वावरची टेलिफोटो भिंगे १८९१ सालीच इंग्लंडात डालमायर यांनी व जर्मनीत इतरांनी स्वतंत्रपणे सिद्ध केली होती. १९५९ साली स्थिरचित्रांच्या कॅमेऱ्यासाठी पहिले झूम-भिंग बाजारात आले, आणि एकाच नळीत अनेक नाभ्यंतरे मावू लागली. आज प्लेटची जागा इलेक्ट्रॉनिक चकतीने घेतली असून कंप सावरण्याची योजनाही भिंगातच असते. परंतु या साऱ्याने नळीची लांबी घटली, हिशेब बदलला नाही. ६०० मिलिमीटरचे भिंग एफ-६ चे हवे असेल तर त्याचे तोंड १०० मिलिमीटर रुंद असलेच पाहिजे. तेवढी काच म्हणजे तेवढे वजन आणि तेवढी किंमत. तोंड अरुंद ठेविले तर किंमत उतरते आणि प्रकाशही उतरतो. झूम-भिंगाने निवड सोपी केली असे वाटते. प्रत्यक्षात तिने ती केवळ दुकानाच्या दारातून उचलून आपल्या मनगटावर आणून ठेविली आहे.

कॅम्बेल यांनाही हे पुरते ठाऊक होते, आणि याचा पुरावा पुढील इतिहासात आहे. २१ सप्टेंबर १९२२ रोजी ऑस्ट्रेलियातील वॉलल येथे खग्रास ग्रहण झाले. सूर्याजवळून येणारे ताऱ्यांचे किरण आइन्स्टाइन म्हणतात तसे वाकतात की नाही, हे त्या वेळी मोजावयाचे होते. त्यासाठी बिंबाभोवतीचे पुष्कळ तारे एकाच प्लेटवर यावयास हवेत आणि त्यांची स्थाने सूक्ष्मपणे मोजता यावयास हवीत. कॅम्बेल यांनी या कामी मुख्य भिस्त ठेविली ती १५ फुटी कॅमेऱ्यांच्या जोडीवर. किरण वाकतात हा निर्वाळा त्यांनी १९२३ साली दिला. त्याच वॉललला हिंदुस्थानातून गेलेल्या तुकडीचे प्रमुख होते कोडाईकनाल वेधशाळेचे संचालक जॉन एव्हरशेड. हेच एव्हरशेड १८९८ साली हौशी निरीक्षक म्हणून तळणीच्या तळावर होते व तेथे त्यांनी वर्णपटाची उत्तम छायाचित्रे घेतली होती. वॉललला मात्र त्यांच्या यंत्रांनी दगा दिला. इतक्या अनुभवी पुरुषाचीही ही गत होते, हे आमच्यासारख्यांस थोडे दिलासा देणारेच आहे!

ही सारी कथा आम्ही पुतण्यास सांगितली. त्याने शांतपणे ऐकून घेतली आणि मग व्यवहारी माणसाचा प्रश्न विचारला, "मग काका, मी कोणतं घेऊ?" आम्ही म्हणालो, "ते आम्ही सांगणार नाही. तुझी वर्षभरातली फसलेली चित्रे काढ आणि ती का फसली ते एका कागदावर लिही. पक्षी लहान आला म्हणून, अंधुक आला म्हणून, चौकटीबाहेर गेला म्हणून, की हलला म्हणून? ज्या रकान्यात सर्वांत जास्त रेघा पडतील तिकडे पैसे खर्च कर." चार दिवसांनी तो कागद घेऊन आला. 'लहान आला' या रकान्यात थोड्याच रेघा होत्या. बहुतेक चित्रे पहाटेच्या अपुऱ्या उजेडात हललेली होती, आणि उन्हे चढल्यावर घेतलेली कित्येक चित्रे पाण्यावरच्या तापल्या हवेच्या थरथरीने बिघडलेली होती. या थरथरीवर तर कोणत्याही किमतीचे भिंग उपाय नव्हे. मोठे भिंग ती अधिकच मोठी करून दाखविते.

त्याने तूर्त भिंगाचा विचार बाजूस ठेवून एक भक्कम तिवई घेतली आहे. पुढेमागे पक्ष्याच्या डोळ्यातील चमक टिपावी असे त्याच्या मनाने घेतले, तर तो ६०० चे भिंगही घेईल आणि ते योग्यच होईल. जेऊरची नळी काही चुकीची नव्हती. पण आकाशात वळण घेणारा सबंध थवा त्याला हवा असेल, तर तळणीच्या माळावर दीड इंची भिंग सूर्याकडे रोखून उभ्या राहिलेल्या त्या बाईंची आठवण त्याने ठेवावी, एवढीच आमची अपेक्षा आहे.